हमीभावाचे बेट



शेतीवर या व्यासपीठावरून बोलणे झाले असेल, करमणुकीवरही झाले असेल. शेती हीच करमणूक, या विषयावर बहुधा झाले नसेल. जगभरात कोट्यवधी माणसे दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी पडद्यासमोर बसतात आणि पुन्हा कामालाच लागतात: वाफे खणतात, पाणी घालतात, गोठा झाडतात, मासे धरतात, होडी करून बेटावर जातात. त्यातून उठल्यावर सांगतात की फार बरे वाटले, डोके शांत झाले. याला काय म्हणायचे? ज्यांच्या आधीच्या पिढ्यांनी शेती सोडून शहर गाठले, त्यांच्यातलेच कितीतरी आज विश्रांतीसाठी शेती करतात, आणि तीही पैसे मोजून. या खेळाडूंना आपल्या खेळाबद्दल काय वाटते, ते कशावर खूश असतात, कशावर चिडतात, आणि त्या मतांतून आपल्याला काय उमगते, हा आजचा विषय आहे. हसण्यावारी नेण्यासारखा तो नाही, असे माझे म्हणणे आहे. अधूनमधून हसायला मात्र हरकत नाही.

उदाहरण म्हणून मी एकच खेळ मुख्य धरतो: स्टारड्यू व्हॅली. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो बाजारात आला. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने तो एकट्याने केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, संवाद त्याचे आणि संगणकाची आज्ञावलीही त्याचीच. त्यासाठी त्याला साडेचार वर्षांच्या आसपास लागली, आणि त्या काळात काही दिवस त्याने सिअ‍ॅटलमधल्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचेही काम केले. २०२४ अखेर या खेळाच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. कथा साधी आहे. जोजा नावाच्या बड्या कंपनीतला एक कंटाळलेला कर्मचारी आजोबांनी मागे ठेवलेले पत्र उघडतो आणि त्यांच्या पडीक जमिनीवर राहायला जातो. चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. दिवस सकाळी ६ ला उगवतो, रात्री २ ला संपतो, आणि आपल्या घड्याळात तो जेमतेम चौदा-साडेचौदा मिनिटांत सरतो. अंगातली ताकद सुरुवातीला २७० मापांची. कुदळीचा प्रत्येक घाव त्यातून थोडी कापतो. डिसेंबर २०२० मध्ये बॅरोनने या खेळाला एक मोठी विनामूल्य भर घातली आणि तिच्यात जिंजर आयलंड हे ज्वालामुखीचे बेट आले. शेती आणि बेटावरची भटकंती अशी दोन्ही सुखे तेव्हापासून एकाच खेळात नांदतात.

या खेळावरची मते वाचू लागले की पहिल्याच पायरीवर माणूस अडखळतो. स्टीम या विक्रीकेंद्रावर खेळाडूंच्या पसंतीची जी सर्वात वरची श्रेणी आहे, ती याला मिळालेली आहे. मने निवतात, झोप चांगली लागते, ताण उतरतो, असे पुन्हापुन्हा सांगितले जाते. आणि याच खेळाबद्दल, कित्येकदा त्याच माणसाच्या तोंडून, याच्या अगदी उलटेही ऐकू येते: घड्याळ जीव खाते, दिवस पुरत नाही, ही तर दुसरी नोकरीच झाली. आता यातले खरे कोणते? सोपे उत्तर असे की माणसे वेगवेगळी असतात. ते खरे आहे, पण त्याने काहीच कळत नाही. दुसरे सोपे उत्तर असे की हिरवळ, पाखरे, मंद संगीत यांनी विश्रांती मिळते. पण हिरवळ आणि संगीत तर चिडलेल्या खेळाडूच्याही पडद्यावर तेवढेच असते! आणि काम नसल्यामुळे विश्रांती मिळते असे म्हणावे, तर या खेळात कामाशिवाय दुसरे आहेच काय?

माझे उत्तर असे आहे. या खेळांत माणूस विसावतो तो मातीमुळे नव्हे, निसर्गामुळे नव्हे आणि आळसामुळे तर नव्हेच. तो विसावतो हमीमुळे. पार्सनिप नावाचे एक गाजरासारखे कंद असते. खेळाच्या आरंभी गावचा प्रमुख तुम्हाला त्याची १५ बियाणी देतो. पुढची बियाणी पिएरच्या दुकानात २० नाण्यांना एक. लावा, रोज पाणी घाला, चार दिवसांनी काढा. साध्या प्रतीच्या कंदाला ३५ नाणी मिळतात. एक विका, ३५. हजार विका, प्रत्येकाला ३५. भाव पडत नाही. आवक वाढली म्हणून पडत नाही, शेजाऱ्याने तेच लावले म्हणून पडत नाही, परदेशात पीक चांगले आले म्हणूनही पडत नाही. घराबाहेर एक लाकडी पेटी आहे. तीत दिवसभरात जे टाकाल ते रात्री विकले जाते आणि सकाळी पैसे जमा होतात. अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, पट्टी हातात पडेपर्यंतची धाकधूक नाही. मंडळी, ज्या हमीभावासाठी आपल्याकडे मोर्चे निघाले, आयोग बसले, तो इथे शेतात उगवणाऱ्या प्रत्येक वस्तूला आहे. आणि तो मागावा लागत नाही. घाव घातला की दगड फुटणारच, पाणी घातले की कोंब येणारच. दिवसभर ऑफिसात राबून आपल्या कामाचे काय झाले हे ज्याला कधी धड दिसत नाही, त्याला संध्याकाळी हा सरळ हिशेब भेटतो. तो सुखावला तर नवल काय?

हमीची दुसरी बाजू तोट्याची आहे, आणि ती तितकीच महत्त्वाची. इथल्या प्रत्येक तोट्याला तळ असतो. रोपाला एक दिवस पाणी चुकले तर ते मरत नाही. त्या दिवसापुरते वाढायचे थांबते. रात्री २ वाजेपर्यंत घरी पोहोचला नाहीत तर तुम्ही बेशुद्ध पडता, पण फार तर हजार नाणी जातात आणि दुसऱ्या दिवशी थोडा थकवा राहतो. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचे भूत येऊन तुमच्या कारभाराला गुण देते. गुण कमी पडले? त्यांच्या स्मारकाशी एक हिरा ठेवा, ते पुन्हा येतात आणि पुन्हा तपासतात. अशी परीक्षा आपल्या विद्यापीठांनी घेतली असती तर! याच्या उलट २००९ साली झिंगा कंपनीने फेसबुकवर आणलेला फार्मव्हिल आठवा. ऐन भरात महिन्याला ८ कोटींहून अधिक माणसे तो खेळत. तिथे ठरावीक वेळेत कापणी झाली नाही की पीक वाळून जाई, आणि ती वेळ खेळातली नव्हती, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळातली होती. म्हणजे तुम्ही खेळत नसतानाही तोटा चालूच. तो खेळ ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. शेत तिथेही होते, गाई तिथेही होत्या. लोक त्याची आठवण काढतात ती मुख्यतः मध्यरात्री उठून केलेल्या कापणीची.

आता कोणी म्हणेल, हे तुमचे म्हणणे झाले, पुरावा काय? पुरावा असा शोधायला हवा की बाकी सारे तेच ठेवून फक्त हमी काढून घेतली तर खेळाडूंचे बोलणे बदलते का. सुदैवाने असा प्रयोग आपोआप होऊन गेला आहे. निंटेंडोचा अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स हा खेळ २० मार्च २०२० रोजी आला, जग घरात कोंडले जात असताना. पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या १ कोटी ३० लाखांवर प्रती गेल्या. एक निर्जन बेट, मूठभर बोलके प्राणी, मासे, फुले, फळे. टॉम नूक नावाचा सावकार घरासाठी कर्ज देतो, पण त्याला व्याज नाही आणि फेडीची तारीखही नाही. सावकारांच्या इतिहासात हे एकच उदाहरण असावे. या बेटावर साऱ्या गोष्टी शांत आहेत, एक सोडून: सलगम. दर रविवारी सकाळी डेझी मे नावाची डुक्करकन्या सलगम विकायला येते, साधारण ९० ते ११० घंटांच्या भावाने. घंटा हे तिथले नाणे. दुकानात तो सोमवार ते शनिवार विकता येतो, आणि भाव दिवसातून दोनदा बदलतो. कधी पन्नासाखाली, कधी सहाशेच्या घरात. पुढच्या रविवारी उरलेला माल सडतो. बस्स, एवढा एकच बदल. आणि त्याने काय झाले पाहा. तीच माणसे, तेच बेट, तेच संगीत; पण २०२० च्या त्या वसंतात लोकांनी भावाचा अंदाज बांधणारी कोष्टके तयार केली, चांगला भाव असलेल्या अनोळखी माणसाच्या बेटाबाहेर तासन्‌तास रांगा लावल्या, यजमानांनी प्रवेशाला शुल्क घेतले, फसवणुकीच्या तक्रारी झाल्या. एप्रिलमध्ये निंटेंडोने खेळातल्या बँकेचा व्याजदर उतरवला, तर त्याची बातमी अर्थविषयक वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली. सलगमाबद्दल बोलणाऱ्यांची भाषा ऐका, ती विश्रांतीची नाही, सट्टेबाजाची आहे. त्यांनाही त्यात मजा येत होती, हे मी नाकारत नाही. पण ती मजा वेगळी. उरलेल्या बेटाला जे शब्द लोक लावतात, ते सलगमाला कोणी लावत नाही.

या कसोटीवर जिंजर आयलंड घासून पाहू. तिथे पोहोचणे हेच एक काम आहे. विली कोळ्याची मोडकी होडी दुरुस्त करायला २०० कठीण लाकडे, इरिडियमच्या ५ विटा आणि ५ बॅटऱ्या लागतात. मग दर फेरीचे भाडे हजार नाणी. बेटावर ऋतूंचे बंधन नाही, कोणतेही पीक केव्हाही घ्या. दहा मजल्यांची ज्वालामुखीची गुहा आहे. आणि १३० सोनेरी अक्रोड लपवलेले आहेत. ते पोपटांना दिले की पोपट तुम्हाला पूल बांधून देतात, घर उभारून देतात, वाटा मोकळ्या करतात. खेळाडूंची मते या बेटापाशी दुभंगतात. काहींना ते साऱ्या खेळाचे बक्षीस वाटते, काहींना सामानाची यादी. हे असे का? बेटावरचे बरेच अक्रोड असे आहेत की नीट पाहिले, वाळूतली खूण ओळखली, झुडपामागे शिरले की मिळतात. त्यांच्याबद्दल कुरकुर क्वचित. काही मात्र मासे धरताना, पीक काढताना किंवा राक्षस मारताना निघाले तर निघतात. काहींसाठी बेटावर पाऊस पडण्याची वाट पाहावी लागते. बहुतेक त्रागा या दुसऱ्या प्रकारावर आहे. श्रम तेवढेच, पण फळाची शाश्वती नाही! इथे एक आक्षेप रास्त आहे: भटकंती म्हटली की अनिश्चितता आलीच, ती काढली तर शोध कसला? याचे उत्तर खेळाडूच देतात. काय सापडेल हे ठाऊक नसण्याला त्यांची हरकत नसते. सापडेल की नाही हेच ठाऊक नसण्याला असते. म्हणून लिओ या मुलाच्या झोपडीत इशारे देणारा पोपट ठेवलेला आहे. अक्रोड अजून कुठे आणि किती उरले आहेत ते तो सांगतो. तो पोपट नसता तर बेटाची कीर्ती वेगळी झाली असती, असे मला वाटते.

आणखी एक छोटासा पुरावा, मला फार आवडणारा. पिएरचे दुकान बुधवारी बंद असते. बी आणायला धावत जावे आणि दार बंद दिसावे, हे प्रत्येक खेळाडूच्या नशिबी येते. पण या बुधवारावर लोक चिडत नाहीत, विनोद करतात. कारण तो बुधवार ठरलेला आहे. याउलट मासेमारी पाहा. तिथे हाताची चपळाई लागते, गळाला लागलेला मासा निसटू शकतो, आणि नवशिक्यांचा सर्वात कडवट राग तिच्यावर निघाला. पुढे खेळात सरावाची स्वस्त काठी आली. तिने फक्त साधे मासे मिळतात, पण ते मिळतात. ठरलेली अडचण विनोदाला विषय पुरवते, न ठरलेली तक्रारीला. अर्थात सगळ्या तक्रारी या साच्यात बसत नाहीत. न्यू होरायझन्समध्ये माशांचे आमिष अनेक वर्षे एकावेळी एकच बनवावे लागे, प्रत्येकासाठी एक शिंपला आणि पुन्हा तीच बटणे. इथे हमी पक्की होती, तरी लोक वैतागले. तो निव्वळ कंटाळा आहे आणि त्याला माझ्या सिद्धांताची गरज नाही.

आता मोठ्या आक्षेपाकडे वळतो. टीकाकार म्हणतात, ही विश्रांती खोटी आहे. कचेरी सोडून आलेला नायक दोन ऋतूंत नवी कचेरी थाटतो: कोणत्या पिकाला दिवसाला किती नफा, किती पिंपांत दारू मुरवायची, पाणी घालणारी यंत्रे कोणत्या आखणीत बसवायची. खेळाडूंनी याची खरोखरच कोष्टके केली आहेत. जोजा कंपनी बाहेर राहिलीच नाही, ती डोक्यात बसून बेटापर्यंत आली, असा हा आक्षेप. यात तथ्य आहे. पण लक्षात घ्या, या हिशेबाची सक्ती खेळ करत नाही. कोष्टकाशिवायही पार्सनिप उगवतो आणि विकला जातो. जो खेळाडू म्हणतो की ही नोकरी झाली, त्याने बहुतेक वेळा साहेबपदी स्वतःलाच नेमलेले असते. मग हा खेळाचा दोष नाही का? थोडा आहे. जिथे खेळ स्वतः मोजू लागतो, तिथे आहे. बेटावरच एक खोली आहे, १०० अक्रोड जमवल्यावर उघडणारी. तिथे तुमच्या परिपूर्णतेचा टक्का भिंतीवर दिसतो. सगळे मासे, सगळे पदार्थ, सगळ्या गावकऱ्यांची मैत्री, सगळे जमेल तेव्हा शंभर. ९७ टक्क्यांवर अडकलेल्या माणसाची शांती शेवटच्या तीन टक्क्यांनी हिरावून घेतलेली असते. तिथपर्यंत त्याने शेकडो तास आनंदात घालवलेले असतात, आणि तरी तो जे मत लिहितो ते त्या तीन टक्क्यांचे असते. मते वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा आक्षेप मतांच्या विश्वासार्हतेचा. ज्यांना आवडले तेच खेळत राहतात आणि तेच लिहितात. मग त्यांच्या समाधानाला किंमत किती? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी स्तुतीपेक्षा तक्रारींवर अधिक विसंबलो. कोरडी आकडेवारीही आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये खेळकंपन्यांकडून खेळण्याच्या वेळेच्या प्रत्यक्ष नोंदी मिळवल्या. ३,२७४ खेळाडूंच्या त्या अभ्यासात एक खेळ न्यू होरायझन्स होता. जास्त खेळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य किंचित चांगले आढळले. तेवढ्यावर मथळे झळकले की खेळ औषधी आहेत. पण त्याच गटाने २०२२ मध्ये सात खेळांचे सुमारे ३९ हजार खेळाडू काही आठवडे पाहिले, तेव्हा खेळण्याच्या वेळेमुळे मनःस्थिती सुधारते किंवा बिघडते असे म्हणण्याजोगे फारसे काही हाती लागले नाही. तेव्हा खेळाने मन बरे होते, या दाव्याला मी हात लावणार नाही. खेळताना काय भावले आणि काय खुपले, याची साक्ष खेळाडू देऊ शकतो. त्याहून मोठी साक्ष त्याच्याकडून वदवून घेणे अन्याय्य आहे.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतून येतो, आणि तो सर्वात टोचणारा. शेतकऱ्याच्या कष्टाचे हे खेळणे करणे म्हणजे थट्टा नव्हे काय? ज्या राज्यात कांद्याचा भाव काढणी आणि निर्यातबंदी यांच्या मध्ये सापडून कोसळतो, जिथे कांदा केंद्राच्या हमीभावाच्या यादीतही नाही, तिथे ३५ नाण्यांच्या पार्सनिपचे कौतुक कसले? मला वाटते, थट्टा तेव्हा झाली असती जेव्हा हा खेळ शेतीचे चित्र असल्याचा दावा करता. तो तसा दावा करत नाही. या साऱ्या परंपरेचा उगम पाहा. १९९६ साली जपानमध्ये यासुहिरो वाडा यांनी बोकुजो मोनोगातारी हा शेतीखेळ केला. परदेशात तो हार्वेस्ट मून म्हणून गाजला, आणि बॅरोनचे स्फूर्तिस्थान तोच. वाडा मियाझाकी या ग्रामीण भागात वाढलेले. तोक्योच्या धकाधकीत त्यांना ते गाव आठवत होते. अ‍ॅनिमल क्रॉसिंगची कल्पना कात्सुया एगुची यांना सुचली ती चिबाहून क्योतोला नोकरीसाठी आल्यावर, आप्त आणि मित्र मागे राहिले तेव्हा. म्हणजे हे खेळ गाव सुटलेल्यांचे आहेत, शेतीचे नाहीत. उलट मी असे म्हणेन की शेतीत नेमके काय असते तर ती सुसह्य होईल, याचे उत्तर या खेळाडूंनी नकळत देऊन टाकले आहे. त्यांनी कोट्यवधी संध्याकाळी जिथे घालवल्या तिथे जमीन काल्पनिक आहे, पाऊस काल्पनिक आहे, आणि मोल आहे ते फक्त ठरलेल्या भावाला आणि तळ असलेल्या तोट्याला.

शेवटी, खेळ करणाऱ्याने या मतांचे काय करावे? बॅरोनने केले ते पाहण्यासारखे आहे. घड्याळ थांबवा, ही मागणी जुनी. त्याने ते थांबवले नाही. ज्यांना नको होते त्यांनी घड्याळ मंद करणाऱ्या जोडण्या स्वतः लिहिल्या, आणि तो त्यांच्या आड आला नाही. भिंतीवरच्या त्या टक्क्याचे काय? मार्च २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत त्याने बेटावरच्या एका गुहेत फिझ नावाचे एक पात्र बसवले. त्याला ५ लाख नाणी दिली की तो एक टक्का माफ करतो. काहींना ही सवलत दिलासा वाटते. काहींना ती लबाडी वाटते, कारण मग शंभर टक्के मिळवण्यात उरले काय? पण टक्का गाळून टाकला असता तर दुसरे नाराज झाले असते, तसाच ठेवला असता तर पहिले. त्याने तो ठेवला आणि त्याला मोल लावले. पहिल्या टक्क्याला ५ लाख, दहाव्या टक्क्यालाही ५ लाखच. त्या गुहेतसुद्धा भाव ठरलेला आहे आणि तो आधी सांगितलेला आहे.